गुडघ्याचं ड्रॉइंग

रंजनाक्का साळोखे नवा गुडघा घेऊन घरी आल्या, तेव्हा त्यांनी रिक्षा मुद्दाम गल्लीच्या तोंडाशीच थांबवली. सून मेदिनी म्हणत होती, "आई, दारापर्यंत जाऊ दे की."

"मग लोकांना दिसणार कसं?" असं म्हणून आक्का उतरल्या, पदर खोचला, काठी सुनेच्या हातात दिली आणि तरातरा चालत सुटल्या. चिरमुऱ्याच्या दुकानातला माणूस हातातलं माप तसंच धरून बघत राहिला. आक्का दर चार घरांपाशी थांबत आणि गुडघ्यावर चापट मारून सांगत, "माझाच गुडघा आहे बरं का. नवा करून दिलाय नुसता!"

ते खरंच होतं. मिरजेच्या संधिसेवा रुग्णालयात तेव्हा नुकतंच 'अस्थिकार' नावाचं यंत्र आलं होतं. पूर्वी कृत्रिम सांधे तयार कपड्यांसारखे लहान, मध्यम, मोठ्या मापांत यायचे आणि त्यातल्या त्यात बसेल तो बसवायचे. अस्थिकारचं तसं नव्हतं. ते आधी माणसाच्या हाडांची आतून छबी घ्यायचं, झीज होण्याआधी सांधा कसा असेल ते ताडायचं आणि मग धातू आणि चिनी मातीच्या भुकटीचे थरावर थर चढवून अगदी तसाच सांधा उभा करायचं. केसाची जाडी शंभर भागांत वाटली तर त्यातल्या एका भागाइतकाही फरक पडायचा नाही. आक्कांच्या अहवालावर सगळे रकाने हिरवे होते आणि खाली मेदिनीची सही होती. त्या रुग्णालयात अस्थिकारच्या कामाची मापं तपासणारी अभियंता तीच होती.

आक्कांना गुडघा हवा होता तो मात्र नुसतं चालण्यासाठी नव्हे. त्यांचा बायकांचा एक गट होता. श्रावण आला की पंचमीपासून गौरीपर्यंत या बायका गावोगाव झिम्मा-फुगड्या खेळत जात. साठी ओलांडलेल्या आक्का गटाच्या म्होरक्या, आणि बसफुगडीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उकिडवं बसून, गिरक्या घेत, समोरचीला दमवून सोडायच्या. गुडघा झिजला आणि ते सगळं बंद पडलं.

चैत्रातच सराव सुरू झाला. मारुतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये बायका जमल्या. आक्कांनी पहिल्यांदा उभी फुगडी घातली, टाळ्या घेतल्या. मग म्हणाल्या, "चला, आता बसून," आणि खाली बसायला गेल्या.

गुडघा अर्ध्यावर थांबला.

दुखलं नाही, कळ आली नाही. भिंतीला लागून दार अडावं तसा तो अडला, इतकंच. आक्कांनी जोर लावला, दुसऱ्या बाजूनं वळून बघितलं, शेवटी हसत हसत उभ्या राहिल्या. "नवीन आहे. लाजतंय अजून," म्हणाल्या. बायका हसल्या. पण त्या संध्याकाळी आक्कांनी ओट्यापाशी खुर्ची ओढली आणि खुर्चीत बसून भाजी निवडली. एरवी त्या विळी घेऊन जमिनीवर बसायच्या आणि सगळ्या जगाला तिथूनच हुकूम सोडायच्या. खुर्चीत बसलेल्या आक्का फारसं बोलल्या नाहीत. मेदिनीला घरातला तो शांतपणा काही सोसेना.

दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल पुन्हा उघडला. पुन्हा सगळे रकाने हिरवे. चूक अशी कुठंच नव्हती.

मेदिनी मूळची ड्रॉइंगवाली. लग्नानंतर बरीच वर्षं ती कुपवाडच्या एका पंप कारखान्यात ड्रॉइंग विभागात होती. तिथं ती नव्या पोरांना शिकवायची ते स्टीलच्या डब्याचं उदाहरण देऊन. डब्याचं झाकण घ्या, म्हणायची. त्याच्यावर मधेच जरा पोचा आला तर बिघडलं कुठं? पण कडेचा गोल थोडा जरी चेपला तरी झाकण लागत नाही. म्हणजे एकाच झाकणावर एका जागी चूक चालते, दुसऱ्या जागी चालत नाही. कुठं किती चालेल हे यंत्रावरच्या माणसाला सांगायचं कसं? त्यासाठी ड्रॉइंगवर बारक्या चौकटी काढतात. कशावर नजर ठेवायची, किती फरक चालेल आणि तो कुठून मोजायचा, एवढं एका चौकटीत येतं. चालणाऱ्या फरकाला टॉलरन्स म्हणतात. जिथून मोजायचं त्या जागेला डेटम. आणि डेटम निवडताना एकच विचारायचं, ही वस्तू कामाला लागल्यावर टेकते कशावर?

पुढं अस्थिकारसारखी यंत्रं आली. ती चुकतच नाहीत म्हटल्यावर चूक किती चालेल हे कोण सांगत बसणार? कारखान्यांतले ड्रॉइंग विभाग मिटले. मेदिनी रुग्णालयात आली आणि हिरव्या रकान्यांखाली सह्या करू लागली.

तो अहवाल बघता बघता तिच्या लक्षात आलं. या गुडघ्याचं ड्रॉइंग कुणी काढलंच नव्हतं. यंत्राला गुडघा कसा आहे ते सांगितलं होतं. कशासाठी आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं आपल्या परीनं सरळ उभ्या पायाची रेषा धरली, खुब्यापासून घोट्यापर्यंत, आणि तिच्यापासून प्रत्येक बिंदू सारख्याच कडकपणे मोजला. उभं राहायला, चालायला तो गुडघा अगदी चोख होता. उकिडवं बसणं त्याच्या हिशेबातच नव्हतं.

ती डॉ. समीर मुजावरांकडे गेली. शस्त्रक्रिया त्यांनीच केली होती. भला माणूस, हात सोन्याचा, आणि ऐकून घेणारा. त्यांनी सगळं ऐकलं.

"मॅडम, गुडघ्याचं वरचं कवच बदलता येतं, ते सोपं आहे," ते म्हणाले. "हाडातला पाया तसाच राहील. पण तुम्ही मोकळीक देणार, आणि मोकळा गुडघा जिन्यावर दगा देतो. आक्का बसायला शिकतील आणि उतरताना पडतील. त्याचं काय करायचं?"

प्रश्न बरोबर होता. रुग्णालयात चाचणीसाठी एक यांत्रिक पाय होता. कुठलाही सांधा त्यात बसवून दिवसभर जिने चढवायचे, उतरवायचे. मेदिनीनं सगळीकडे थोडी थोडी सूट देऊन एक कवच करवून घेतलं आणि त्या पायात बसवलं. खाली बसताना तो झकास वाकला. जिन्यावर मात्र खिळे सैल झालेल्या खाटेसारखा डुगडुगू लागला. डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

"आक्कांच्या पायात हे घालणार नाही मी," ते हळूच म्हणाले.

"मीही घालू देणार नाही," मेदिनी म्हणाली.

ती घरी पोचली तोच नवऱ्याचा फोन आला. ऋतुराज रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात, पवनचक्क्यांच्या तळावर कामाला होता. महिन्यातून काही दिवस घरी यायचा. त्याला आईनंच सगळं सांगितलं होतं.

"मेदिनी, ती चालतीय ना? मग पुन्हा चिरायचं कशाला? बसायला घरात खुर्च्या नाहीत का?" तो चिडला होता. "तुझी ड्रॉइंगं कागदावर काढ. माझ्या आईच्या पायावर नको."

मेदिनीला लागलं. दिवसभर तीही स्वतःला तेच सांगत होती. तेवढ्यात आक्कांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"ऋत्या, गुडघा कुणाचा?"

"आई, तसं नाही..."

"कुणाचा म्हणते मी?"

"तुझा."

"मग झालं. जेवलास का?"

फोन ठेवून आक्का सुनेकडे वळल्या. "तुला आणखी काय काय मोजायचंय?"

मेदिनी विचार करून म्हणाली, "तुमच्या गटातल्या बायकांचे गुडघे."

रुग्णालयात चालण्याची तपासणी करायची एक खोली होती. एरवी तिथं माणसं दबकत येत, एका पट्टीवरून चालत, आणि गुपचूप जात. त्या दुपारी तिथं आक्कांचा गट शिरला. कुणी तंबाखूची मिश्री आवरून आलेली, कुणी हिरव्या बांगड्या भरून. मेदिनीनं प्रत्येकीच्या गुडघ्याभोवती काळ्या मण्यांएवढे संवेदक चिकटवले. हाड कातडीखाली कसं सरकतं ते त्यांवरून भिंतीवरच्या पडद्यावर रेघांनी उमटणार होतं.

"लग्नात सुद्धा एवढं सजवलं नव्हतं गं गुडघ्याला," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि खोली हसण्यानं भरली.

मग खेळ सुरू झाला. आधी झिम्मा, मग उभ्या फुगड्या, मग बसफुगडी. परिचारिका दारात गोळा झाल्या. एक कंबरदुखीचा रुग्ण पट्टा बांधून टाळ्या वाजवायला लागला. पडद्यावर रंगीबेरंगी रेघांचा नुसता गुंता होत होता. प्रत्येकीचा गुडघा आपल्याच वाटेनं चालला होता. मेदिनी ते बघून हबकली. यात काही सारखं सापडेल असं दिसेना.

"उभ्या फुगडीला जोडी उरली नाही मला," आक्का म्हणाल्या. "मेदिनी, ये."

"मला येत नाही, आई."

"इतकी वर्षं माझ्या घरात राहून येत नाही म्हणतीस? ये!"

आक्कांनी तिचे हात धरले, तिचे पाय आपल्या पायांना जुळवले. "पायांनी जागा सोडायची नाही, तिथल्या तिथं फिरायचं. हात सोडायचे नाहीत. बाकी अंग सोडून दे."

पहिल्या दोन फेऱ्यांत मेदिनी घट्ट आखडून फिरली आणि अडखळली. "सोड की गं अंग!" आक्का ओरडल्या. तिनं मान मागं टाकली, खांदे सैल केले. आणि मग जे काही गरगरलं! भिंत, दार, परिचारिका, पडदा, सगळं एका पट्ट्यात वितळलं. बायका ओरडत होत्या, आक्का हसत होत्या, आणि मेदिनीही हसत होती, अगदी पोट दुखेपर्यंत. चार पाय मात्र तिथल्या तिथंच, एकाच जागेवर फिरत.

थांबल्यावर ती जमिनीवरच बसली. डोकं फिरत होतं. समोर पडदा फिरता फिरता हळूहळू स्थिर झाला. त्या गुंत्याकडे बघताना तिला फुगडीतले ते जागा न सोडणारे पाय आठवले. मग उठून, धडपडत, तिनं सगळ्या बायकांच्या रेघा एकमेकींवर चढवल्या, पण उभ्या पायाच्या हिशेबानं नाही. पूर्ण खाली बसल्यावर गुडघ्याच्या आतल्या अंगाला हाड जिथं टेकतं, तो बिंदू तिनं धरला.

सगळ्या रेघा तिथं एकत्र आल्या. आतल्या बाजूचा बिंदू प्रत्येकीचा जवळपास जागेवरच होता. बाहेरची बाजू मात्र मागं सरकत होती, कुणाची कमी, कुणाची जास्त, मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरत.

"डॉक्टरांना बोलवा," ती म्हणाली.

डॉ. मुजावर आले. ती पडद्याला बोट लावून भराभरा बोलू लागली. "गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडमीट करत नाही. वाकताना तो आतल्या बाजूवर टेकून बाहेरून फिरतो. मी मागं सगळीकडे सूट दिली, म्हणून डुगडुगला. आतल्या बाजूला सूट द्यायचीच नाही. तिथं आहे त्याहून कडक ठेवायचं. बाहेरच्या बाजूला द्यायची, आणि तीही सरळ पायाला नाही. पाय जसजसा वाकेल तसतशी वाढत जाईल अशी. किती वाढवायची ते या बायकांनी सांगितलंय. हा पिसारा जेवढा रुंद, तेवढी."

डॉक्टरांनी पडद्यावरच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे जिन्यावर कडक आणि खाली बसताना मोकळा."

"हो."

"काढा ड्रॉइंग," ते म्हणाले. "पायात बसवून बघू."

मेदिनीनं घरी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. पडद्यावर काढता आलं असतं, पण हाताला पेन्सिलच हवी होती. आतल्या बाजूचा टेकण्याचा बिंदू तिनं पहिला डेटम धरला, कामाला लागल्यावर गुडघा जिथं टेकतो तो. मग एकेक चौकट काढत गेली. आक्का समोर खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "ही मी आहे व्हय? बरी दिसते की."

ड्रॉइंग दिलं त्या दिवशी अस्थिकार आधी गप्प बसलं. पूर्वी ते चहा व्हायच्या आत कामाला लागायचं. दुपार उलटली तरी ते भुकटीला हात लावेना.

"बिघडलं की काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मेदिनीनं आतल्या नोंदी बघितल्या आणि तिला हसू आलं. यंत्र बिघडलं नव्हतं. आजवर त्याला एकच आकार द्यायचे, त्यात त्याला निवडायला काही नसायचं. आता मोकळी जागा मिळाली होती, आणि त्या जागेत बसतील असे असंख्य गुडघे ते करून बघत होतं. मनातल्या मनात त्यांना चालवत, बसवत, जिने उतरवत, नापास करत होतं. इतकी हुशारी त्याच्यात पहिल्यापासून होती. ती वापरायला कुणी त्याला वावच दिला नव्हता.

संध्याकाळी त्यानं जे कवच घडवलं ते जरा वाकडं दिसत होतं. एक बाजू भरीव, एक बाजू उतरती. यांत्रिक पायात ते घातलं. पाय जिने चढला, उतरला, रात्रभर चढउतार करत राहिला, आणि सकाळी डॉक्टर आले तेव्हाही जराही न डुगडुगता चढत होता. मग त्यांनी त्याला खाली बसवलं. तो बसला, टाच मांडीला लागेपर्यंत.

तरीही सही करताना मेदिनीचा हात अडला. यांत्रिक पाय वेगळा आणि आक्का वेगळ्या. ती घरी येऊन सरळ म्हणाली, "आई, मला खोटं बोलायचं नाही. जखम चिघळू शकते. आत्ता नीट चालताय, तेही जाऊ शकतं."

आक्का खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेल्या.

"मी चालत कुठं जाते गं?" त्या म्हणाल्या. "बायकांत जाऊन बसायलाच तर जाते. तिथं पोचून मी एकटीच वर खुर्चीत. त्या सगळ्या खाली. बोलणं खाली चालतं, हसणं खाली चालतं. मला वर ऐकूच येत नाही नीट." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "कर सही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी ऋतुराज तळावरून बोटीनं आला. बाहेरच्या बाकावर मेदिनीच्या शेजारी बसून राहिला आणि एका क्षणी तिचा हात हातात घेऊन तसाच धरून ठेवला. डॉ. मुजावर बाहेर आले ते हसतच आले.

मग काही आठवडे सक्तीचे. चालायचं, पण खाली बसायचं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा, तेही कठड्याला धरून, कुणाच्या तरी देखत. आक्का रोज कुरकुरत पण पाळत. ऋतुराज पुन्हा कामावर गेला होता.

एका सकाळी मेदिनी अंघोळ करून आली. स्वयंपाकघरात कुकर ओट्यावर तसाच पडलेला आणि आक्का दिसेनात.

"आई?"

"इकडं आहे," आवाज खालून आला. "शिट्टी घरंगळली बघ, कपाटाखाली गेली. झाडू दे जरा तो."

मेदिनी वळली आणि जागच्या जागी थबकली. आक्का कपाटापुढं उकिडव्या बसल्या होत्या. टाचा जमिनीवर, मांड्या पोटाशी, एक हात कपाटाखाली खोल गेलेला.

"आई, हलू नका!"

"का? पाल आहे का?"

"तुम्ही बसलाय!"

आक्कांनी खाली बघितलं. आधी डाव्या गुडघ्याकडे, मग उजव्याकडे. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "कधी बसले मी?"

मेदिनीनं ऋतुराजला फोन लावला आणि पडदा आक्कांकडे वळवला. तो समुद्रावर कुठंतरी शिडीवर होता, मागं वारा घोंघावत होता. "काय झालं? आई पडली का?"

"बसलीय," मेदिनी म्हणाली.

ऋतुराज वाऱ्यावर आवाज चढवून म्हणाला, "आई, उठता येतंय का पण?"

ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मेदिनी आधार द्यायला पुढं धावली. आक्कांनी तिला हातानं बाजूला सारलं आणि आधी झाडू मागून घेतला. झाडूची मूठ कपाटाखाली घातली, शिट्टी बाहेर ओढली, मुठीत घेतली. आणि कशालाही न धरता, एका दमात, सरळ उभ्या राहिल्या.

"सापडली एकदाची!" त्या शिट्टी नाचवत म्हणाल्या. समुद्रावरून ऋतुराजनं अशी आरोळी ठोकली की त्याच्या तळावरची माणसं धावत आली म्हणे.

त्या श्रावणात आक्का बसफुगडी खेळल्या की नाही, हे मिरजेत कुणालाही विचारावं. द्वारकाबाई अजून म्हणतात की यंत्राचा गुडघा घालून खेळणं म्हणजे लबाडी आहे.

गौरी गेल्यानंतर एका दुपारी डॉ. मुजावर मेदिनीच्या खोलीत आले. बरोबर त्यांचे वडील होते, दस्तगीरचाचा. उंच, पांढरी दाढी, डाव्या पायानं लंगडत.

"मॅडम, अब्बांचा डावा गुडघा," डॉक्टर म्हणाले. "चालणं मी बघेन. बाकीचं तुम्ही विचारा."

मेदिनीनं चाचांना बसवलं. "चाचा, गुडघा करून कशासाठी पाहिजे?"

म्हातारबुवांनी आधी मुलाकडे बघितलं. "मी नमाज खुर्चीवर पढतो, बाई. सगळे खाली, मी वर. ओळीत खुर्ची आडवी येते म्हणून कडेला सरकून बसावं लागतं. मला ओळीत बसायचंय, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून."

"कसे बसता तेव्हा? मला दाखवा."

"मला बसता येत नाही, म्हणूनच तर आलो."

"मग मी बसते, तुम्ही सांगा."

मेदिनीनं चटई अंथरली, कागद आणि पेन्सिल घेतली आणि गुडघे मोडून खाली बसली. दस्तगीरचाचा खुर्चीतून वाकून बघू लागले. "तसं नाही, डावं पाऊल आडवं घाल आणि त्याच्यावर बस. उजवं पाऊल उभं, बोटं जमिनीला मोडलेली. आणखी. हां... अगं, पडशील!"

ती एका अंगाला कलंडली. चाचा इतके मोठ्यानं हसले की बाहेर बसलेले रुग्ण आत डोकावले. डॉक्टरांनी पुढं होऊन तिचं उजवं पाऊल उभं करून दिलं. मग स्वतःच तिच्या शेजारी चटईवर तसे बसले. "असं बघा," ते म्हणाले.

मेदिनीनं त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे निरखून बघितलं. तो कुठं टेकतोय ते हेरलं आणि तिथूनच पहिली रेघ ओढली.